तुरटपणाचे वय

हिवाळ्यात डहाणू, घोलवड, बोर्डी या किनारपट्टीतल्या वाड्यांत चिकूचा हंगाम भरात असतो. तलासरीजवळ महामार्गाच्या कडेलाही चिकूच्या टोपल्या मांडलेल्या दिसतात. परगावचा प्रवासी गाडी थांबवतो, चांगली टपोरी फळे निवडून घेतो आणि धीर न धरवल्यामुळे त्यातले एक तिथेच फोडून तोंडात टाकतो. फळ कालच झाडावरून उतरवलेले असेल तर पुढे काय होते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तोंडाला मिठी बसते, जीभ टाळ्याला चिकटते, ओठ आवळले जातात. त्याच टोपलीतले दुसरे फळ पाच-सहा दिवसांनी खाल्ले तर मात्र गुळाची आठवण होते.

या पाच दिवसांत फळात गोडी आली, हे उत्तर आपण सहज देतो. पण ते पुरेसे नाही. कच्च्या चिकूला साखर लावून खाल्ली तरी मिठी बसायची ती बसतेच. मग पाच दिवसांपूर्वीचा तुरटपणा गेला कुठे?

नेमका हाच प्रश्न इटलीच्या वायव्य भागातल्या पिएमोंते प्रांतात एका वेगळ्या पदार्थाबाबत विचारला जातो. तिथे आल्बा गावाजवळच्या टेकड्यांवर नेब्बिओलो नावाची द्राक्षे पिकतात व त्यांच्यापासून बारोलो ही लाल वाइन तयार होते. ताजी बारोलो इतकी तुरट असते की ती तोंडात धरवत नाही. तीच वाइन पंधरा-वीस वर्षांनी उघडली तर मऊ, सुगंधी लागते. चिकूला जे काम पाच दिवसांत साधते, त्याला बारोलोला वीस वर्षे का लागतात? आणि अशी वाइन चाखणारे जाणकार नेमके काय तपासत असतात? या दोन्ही प्रश्नांची उकल आपण चिकूच्या मदतीने करू या. त्यासाठी वाइनचा एक थेंबही लागणार नाही.

तुरट ही चव आहे का?

आयुर्वेदात सहा रस सांगितले आहेत: मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. यांतला कटु म्हणजे तिखट, तिक्त म्हणजे कडू आणि कषाय म्हणजे तुरट. आधुनिक शरीरशास्त्र मात्र गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या पाच मूळ चवी मानते. उमामी ही मांसाच्या रश्शात किंवा टोमॅटोत जाणवणारी चव १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ओळखली. या यादीत तिखट आणि तुरट नाहीत. तिखट ही मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे होणारी दाहाची संवेदना आहे. तुरट ही बव्हंशी स्पर्शाची संवेदना आहे. हे पटवून घ्यायला एक सोपा प्रयोग आहे.

प्रयोग १: दोन वाट्या घ्या. एकीत साखरेचे दाट पाणी आणि दुसरीत अगदी कडक, गार केलेला कोरा चहा ठेवा. कापसाचा लहान बोळा साखरेच्या पाण्यात बुडवून, पिळून, वरच्या ओठाच्या आत हिरडीपाशी ठेवा. जीभ तिथे लावू नका. गोड लागते का? लागत नाही, कारण त्या जागी चव ओळखणाऱ्या कलिका नसतात. आता तोंड धुऊन दुसरा बोळा चहात बुडवून तिथेच ठेवा. थोड्या वेळाने तो काढून ओठ हिरडीवर घासून पाहा. तिथे खरखरीत, कोरडे वाटेल. म्हणजे जिथे चव कळत नाही, तिथेही तुरटपणा कळतो!

हे घडवून आणणाऱ्या पदार्थांना टॅनिन म्हणतात. चहा, सुपारी, हिरडा, जांभूळ, कच्चे टेंभुर्णीचे फळ, डाळिंबाची साल आणि द्राक्षाच्या साली व बिया यांत ते असतात. आपल्या लाळेत प्रोलिन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिने असतात. त्यांच्यामुळे तोंड ओले आणि बुळबुळीत राहते. टॅनिनचे रेणू या प्रथिनांना धरतात, त्यांच्या गुठळ्या बनतात आणि वंगण नाहीसे होते. यंत्रातले तेल काढून घेतल्यावर चाके जशी करकरतात तसे जीभ आणि टाळू एकमेकांवर घासू लागतात. बाभळीच्या सालीने किंवा हिरड्याने कातडे कमावतात तेव्हाही टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना असेच धरून ठेवते.

चहात दूध घातले की तुरटपणा कमी होतो, त्याचेही कारण हेच. टॅनिनला दुधातली प्रथिने आधीच मिळतात. लाळेतली प्रथिने वाचतात. इटलीत बारोलोबरोबर मांस किंवा जुने चीज खाण्याची पद्धत आहे, तिच्यामागेही हाच व्यवहार आहे.

चिकूच्या पोटातले टॅनिन

चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. आपल्याकडच्या मोहाच्या आणि खिरणीच्या कुळातला. त्यामुळेच त्याचे कलम खिरणीच्या खुंटावर चांगले जमते. घोलवड परिसरात तो असा रुजला की 'डहाणू घोलवड चिकू' या नावाने त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

फळातले बी तयार होण्याआधी कोणी ते खाल्ले तर झाडाचे नुकसान होते. म्हणून कच्च्या फळात चीक असतो आणि टॅनिनही भरपूर असते. हे टॅनिन पाण्यात विरघळणारे असते, त्यामुळे चावा घेताच ते लाळेत उतरते. फळ पिकू लागले की इथिलीन वायू तयार होतो, गर मऊ पडतो, गोडी वाढते, वास सुटतो आणि विरघळणाऱ्या टॅनिनचे प्रमाण झपाट्याने घटते.

ते घटते कसे, याचा सर्वांत बारकाईने अभ्यास जपानमध्ये 'काकी' या फळावर झाला आहे. काकी हे आपल्या टेंभुर्णीचे नातलग. त्याच्या काही जाती इतक्या तुरट असतात की पिकण्याआधी खाताच येत नाहीत. अशा फळांत ॲसिटाल्डिहाइड नावाचा पदार्थ तयार झाला की तो टॅनिनच्या रेणूंना एकमेकांशी जोडतो. जोडलेले मोठे रेणू पाण्यात विरघळत नाहीत. ते फळातच राहतात, पण लाळेत उतरत नाहीत. टॅनिन फळातून निघून जात नाही. त्याचे हात बांधले जातात, असे म्हणता येईल.

प्रयोग २: झाडावरून एकाच दिवशी उतरवलेले सहा चिकू घ्या. रोज एक चिकू सोला, ५ ग्रॅम गर २० मिलिलिटर पाण्यात चुरून घ्या आणि गाळा. गाळलेले पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात फेरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणाचे दोन थेंब टाका. टॅनिन असेल तर काळपट रंग येतो. आवळा चिरल्यावर लोखंडी विळी काळी पडते, ती याच क्रियेमुळे. रोजच्या रंगाची नोंद ठेवा. दिवसागणिक तो फिका होत गेलेला दिसायला हवा. या प्रयोगातले काहीही चाखायचे नाही, हे विद्यार्थ्यांना बजावून सांगा.

शक्य असेल तर एक कच्चा चिकू फ्रिजमध्ये ठेवून त्याचीही तुलना करा. फार थंडीत कच्चा चिकू नीट पिकत नाही. पिकण्याला वेळ लागतो तसे योग्य तापमानही लागते. वाइनच्या बाबतीत याचा पुन्हा उपयोग होणार आहे.

बाटलीतली वीस वर्षे

आता बारोलोकडे वळू. वाइन हा शब्द डहाणूला नवा नाही. बोर्डीत चिकूपासूनही वाइन तयार करण्यात आली आहे. पण लाल वाइनची गोष्ट थोडी निराळी. द्राक्षे चुरगळून ती सालींसकट आंबवतात. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते आणि त्याच वेळी सालींतला रंग म्हणजे अँथोसायनिन आणि साली व बियांतले टॅनिन रसात उतरते. नेब्बिओलो द्राक्षात टॅनिनही जास्त आणि आम्लही जास्त. म्हणूनच इटलीच्या नियमांनुसार बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते आणि त्यातले किमान १८ महिने ती लाकडी पिंपात असावी लागते. 'रिझेर्वा' असे लिहायचे असेल तर किमान ६२ महिने. बरेच शौकीन त्यानंतरही बाटली दहा-वीस वर्षे तशीच ठेवतात.

बंद बाटलीत काय घडते? बुचातून अत्यल्प प्राणवायू आत जात राहतो. त्यामुळे थोड्याशा अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड तयार होते. काकीच्या फळात भेटलेला हाच तो पदार्थ. इथेही तो टॅनिन आणि अँथोसायनिन यांच्या रेणूंमध्ये पूल बांधतो. काही रेणू इतके मोठे होतात की गाळ होऊन तळाशी बसतात. पूर्वी एवढेच स्पष्टीकरण दिले जाई. आता असे दिसून आले आहे की वाइनमधल्या आम्लामुळे टॅनिनच्या लांब साखळ्या तुटतही असतात. जोडणे आणि तोडणे दोन्ही चालू राहते आणि त्यातून तयार होणारे नवे रेणू लाळेतल्या प्रथिनांना पूर्वीइतके घट्ट धरत नाहीत. जिभेला वाइन मऊ लागते ती यामुळे.

मग पाच दिवस आणि वीस वर्षे हा फरक का? चिकू हे जिवंत फळ आहे. त्याच्या पेशींत विकरे काम करतात, फळ श्वसन करते, पिकण्याचा कार्यक्रम त्यात आधीच लिहिलेला असतो. बाटलीतली वाइन जिवंत नाही. तिथे फक्त रेणूंच्या संथ गाठीभेटी होतात आणि त्याही तळघरातल्या १२ ते १४ अंश सेल्सिअसच्या गारव्यात. तीच बाटली डहाणूच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवली तर क्रिया भराभर होतील, पण सर्व क्रिया सारख्या वेगाने वाढत नाहीत. परिणामी वाइन लवकर मुरणार नाही, लवकर बिघडेल.

दिवसात म्हातारी होणारी ताडी

जुने ते सोने ही म्हण सर्वत्र लागू पडत नाही. याचे उदाहरण इथल्याच झाडावर टांगलेले असते. ताडाची नीरा पहाटे उतरवली की गोड असते. हवेतले आणि मडक्यातले यीस्ट व जीवाणू लगेच कामाला लागतात. दुपारपर्यंत ती फेसाळते, साखरेचे अल्कोहोल आणि आम्ल होऊ लागते. संध्याकाळी ती आंबट-कडक होते आणि आणखी ठेवली तर अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल होऊन शिर्क्याच्या वाटेला लागते. नीरा गोडच ठेवायची असेल तर मडक्याला आतून चुना लावतात. त्या अल्कधर्मी वातावरणात यीस्टचे फारसे चालत नाही. वारली चित्रांत ताडावर चढणारा माणूस दिसतो. त्या माणसाला वासावरून आणि फेसावरून ताडीचे वय तासांत सांगता येते.

ताडी का टिकत नाही आणि बारोलो का टिकते? ताडीचे मडके उघडे, अल्कोहोल कमी आणि टॅनिन जवळपास नाहीच. बारोलोची बाटली बंद, अल्कोहोल १३ ते १४ टक्के, आम्ल भरपूर आणि टॅनिन मुबलक. टॅनिन प्राणवायूला स्वतःवर घेते. तरुणपणी जो तुरटपणा नकोसा वाटतो तोच म्हातारपणाची शिदोरी ठरतो. जगातली बहुतेक वाइन मात्र एवढ्या तयारीची नसते. ती दोन-चार वर्षांतच प्यायची असते आणि पुढे केवळ फिकी होत जाते.

चाखणारा काय करतो?

जाणकार आधी पाहतो. पेला पांढऱ्या कागदासमोर तिरका धरतो. तरुण बारोलो माणकासारखी लाल, तर जुनी कडेला विटकरी व नारिंगी दिसते, कारण अँथोसायनिनचे मूळ रूप बदललेले असते. मग तो वास घेतो. ताज्या वाइनमध्ये गुलाबाचा आणि लाल फळांचा, तर जुन्या वाइनमध्ये सुकलेल्या गुलाबपाकळ्या, डांबर, कातडे, तंबाखू, भिजलेला पालापाचोळा यांचा वास सांगितला जातो. हे पदार्थ कोणी त्यात घातलेले नसतात; तत्सम गंधाचे रेणू तिथे तयार झालेले असतात. मग तो छोटा घोट तोंडभर फिरवतो, तुरटपणा कुठे आणि किती वेळ राहतो ते पाहतो आणि बहुतेक वेळा तो घोट थुंकून टाकतो!

ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो. तोंडातली वाफ घशामागून नाकात चढते. नाक घट्ट धरून पिकलेल्या चिकूचा घास घ्या. फक्त गोड आणि रवाळ लागेल. नाक सोडताच चिकू 'चिकू' होतो.

पण डोळे नाकाला फसवू शकतात. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठातल्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, पण त्यातल्या एका पेल्यात चव नसलेला लाल रंग मिसळला होता. विद्यार्थ्यांनी त्या पेल्याचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. २००१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. यावरून चाखणे म्हणजे थोतांड, असा निष्कर्ष निघत नाही. आपले म्हणणे डोळे झाकून तपासावे लागते, एवढा निघतो.

प्रयोग ३: तीन सारख्या वाट्यांत चिकूचा कुस्करलेला गर ठेवा. दोन वाट्यांत आज खायला योग्य असा, एकीत एक दिवस कमी पिकलेला. वाट्यांना फक्त क्रमांक द्या. डोळ्यांवर रुमाल बांधलेल्या विद्यार्थ्याने वेगळी वाटी ओळखायची. नुसता अंदाज केला तरी तीनांत एकदा उत्तर बरोबर येईल, म्हणजे १२ विद्यार्थ्यांत सुमारे ४ जणांचे. ८ किंवा अधिक जणांचे उत्तर बरोबर आले तर? निव्वळ योगायोगाने असे शंभरात दोनांपेक्षाही कमी वेळा घडते. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना हे गणित करायला द्यावे.

जाणकार कोण?

तलासरीकडच्या एका शाळेत आम्ही हे प्रयोग करत होतो. शेवटी टेबलावर १२ चिकू उरले. ते 'आज, उद्या, परवा' असे तीन ढिगांत लावायला आम्ही सांगितले. विज्ञानात चांगले गुण मिळवणारी मुले घोळ घालत होती. मागच्या बाकावरचा, तोपर्यंत एक अक्षर न बोललेला एक मुलगा पुढे आला. त्याने फळे हातात घेतली, अंगठ्याने देठाजवळ हलके दाबले, दोनांचा वास घेतला आणि मिनिटभरात ढीग लावून मोकळा झाला. तीन दिवसांत आम्ही फळे कापून पाहिली. त्याचे एकच फळ चुकले होते. त्याची आई हंगामात वाडीवर चिकू निवडायला जाते आणि सुट्टीत तोही तिच्याबरोबर असतो.

"कसं ओळखलंस?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "हाताला कळतं."

या उत्तरावर वर्ग हसला. आम्हाला मात्र ते हसणे बोचले. आल्बाच्या तळघरातला जाणकारही याहून वेगळे काही करत नाही. तो पाहतो, हुंगतो, थांबतो, हजार वेळा चुकतो आणि लक्षात ठेवतो. त्याच्या ज्ञानाला पुस्तके आणि शब्दकोश आहेत. या मुलाच्या ज्ञानाला अजून वहीसुद्धा मिळालेली नाही. पुढच्या तासाला आम्ही त्यालाच फळ्यापाशी उभे केले. देठाजवळ किती दाबायचे, साल नखाने खरवडली की आत हिरवे दिसते का पिवळसर, वास कधी सुटतो, हे तो सांगत गेला आणि इतर मुले तक्त्यात लिहीत गेली. खालच्या रकान्यात फेरिक क्लोराइडचा रंग होता. दोन्ही रकाने एकमेकांना दुजोरा देत होते.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वाइन असो वा ताडी, अल्कोहोल हा कर्करोगाला कारणीभूत ठरणारा पदार्थ आहे आणि दारूने किती घरे बसली हे आपल्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. बारोलोचे रसायनशास्त्र समजून घेण्यासाठी ती प्यावी लागत नाही. तेच रसायनशास्त्र चहाच्या पेल्यात आणि चिकूच्या फोडीत आहे.

या हंगामात वर्गात टोपलीभर कच्चे चिकू आणा. तक्ता फळ्यावर आखा. आणि पहिल्या दिवशी फळे निवडायला सर्वांत मागच्या बाकावरच्या मुलाला बोलवा.